चार नंबरचे आठ जण

शुक्रवारी दुसऱ्या तासाला नववीच्या वर्गात चार नंबरचं एकही पोर नव्हतं.

पहिल्या तासाला गणिताच्या सरांनी हजेरी घेतली तेव्हा बत्तीसच्या बत्तीस हजर होते. माया तायडे इंग्रजीच्या तासाला वर्गात आली तेव्हा चोवीस उरले होते. बाकं नेहमीप्रमाणे समोरासमोर लावलेली होती, आठ गट पाडलेले होते आणि प्रत्येक गटात एक जागा रिकामी होती. गैरहजेरी अशी मोजून होत नसते, हे मायाला दारातच कळलं.

शाळा दर्यापूरपासून अकरा किलोमीटरवर. माया मूळची अकोल्याची. दर्यापुरात खोली घेऊन राहायची आणि शिक्षणसेवक म्हणून इथं तिचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, अमरावतीहून तपासणी अधिकारी खंडारे साहेब तिचा पाठ पाहायला येणार होते. त्यांनी 'समाधानकारक' लिहिलं की ती कायम होणार. नाही लिहिलं तर मुदतवाढ, आणि मुदतवाढीतल्या माणसाच्या जागी संस्था दुसरा माणूस शोधू लागते, हे तिनं शेजारच्या गावातल्या शाळेत पाहिलं होतं.

"कुठं गेले हे आठ जण?" तिनं विचारलं.

खिडकीकडच्या गटातून अश्विन म्हणाला, "मॅडम, त्याहीनं संप केला."

दोघंतिघं हसली. वर्गाची मॉनिटर प्राजक्ता मात्र खाली पाहत होती. माया तिच्याजवळ गेली.

"प्राजक्ता, काय झालं?"

"मॅडम, तुमी मले काल फाइल लिवाले देल्ती नं," प्राजक्ताचा आवाज बसला होता. "त्याच्यात ते यादी होती. मार्कांची. म्या दामिनीले सांगतलं."

मायाला पुढचं विचारावं लागलं नाही.

तपासणी आली की वर्गातल्या सुवाच्य अक्षराच्या मुलीला ऑफिसात बसवून रेकॉर्ड लिहून घ्यायचं, ही त्या शाळेची जुनी रीत. सगळेच शिक्षक तसं करत. मायानंही केलं. प्राजक्ताचं अक्षर छापल्यासारखं होतं. जी यादी तिनं सुंदर अक्षरात उतरवली तिचे रकाने तीन: नाव, जूनमधल्या पहिल्या चाचणीचे गुण, नंबर. सगळ्यांत जास्त गुणांच्या आठ जणांना एक नंबर. त्यांच्या खालच्या आठांना दोन. मग तीन. शेवटच्या आठांना चार.

प्रत्येक गटात एक हुशार, दोन मधले, एक कच्चा असावा, असं माया अमरावतीच्या प्रशिक्षणात शिकून आली होती. ते बरोबरच होतं. नंबर गुणांवरून द्या, असं तिथं कोणी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या सोयीसाठी केलं होतं. पाठाचे चार तुकडे करायचे. एक नंबरच्या आठही मुलांनी एकत्र बसून पहिला तुकडा समजून घ्यायचा, दोन नंबरच्यांनी दुसरा, असं करत चौथ्यापर्यंत. मग प्रत्येकानं आपापल्या गटात परत जाऊन बाकी तिघांना तो शिकवायचा. मुलांनी या रीतीला स्वतःची नावं दिली होती. आपला गट म्हणजे 'घर' आणि तुकडा शिकायला जायचं ते 'मामाचं गाव'. जूनपासून हे चाललं होतं, आणि जूनपासून चार नंबरचे आठ जण दाराजवळच्या कोपऱ्यात आपल्या मामाच्या गावी जमत होते.

मायानं उरलेल्या चोवीस जणांना धडा वाचायला सांगितलं आणि ती मुख्याध्यापकांकडे गेली.

धर्मेंद्र इंगोले सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही, उलट हायसं वाटलं.

"मॅडम, इतकं कायले घाबरता? आठ पोट्टे उद्या नाई आले तं बरंच हाय. चारचे गट तीनचे करा. तुकडे तीन करा. साहेबाले काय माहीत?"

"हजेरीत दिसेल सर."

"दिसू द्या. तुरीच्या सोंगणीवर गेले म्हणू. जानेवारी हाय. खरंच जातेत पोट्टे." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "अन उरलेले चोवीस तुमचे फटाफट बोलतेत. साहेब खूश. तुमी कायम, मी मोकळा."

माया हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.

शाळेसमोर फाट्यावर एस.टी.चा निवारा होता. आठही जण तिथंच सापडले. पळून जायचं त्यांच्या मनात नव्हतं. दिसावं अशाच जागी ते बसले होते. पाच मुलगे, तीन मुली. मधोमध दामिनी. वर्गात तिचा आवाज मायानं वर्षभरात चारदा ऐकला असेल. पहिल्या चाचणीत तिला चाळीसपैकी अकरा होते.

माया समोर उभी राहिली. कोणी उठलं नाही. नितेश अर्धवट उठला, बाकीच्यांकडं पाहून पुन्हा बसला.

"तास चालू आहे," माया म्हणाली.

"आमच्याबिगर होतेच नं मॅडम," नितेश म्हणाला. "आमचा तुकडा दीड ओळीचा. एखांद्यानं खोकलता खोकलता सांगून देल्ला तरी जमते."

बाकीचे हसले. दामिनी हसली नाही. "मॅडम, एक विचारू? आमाले नंबर कायच्यावरून देल्ला?"

मायानं क्षणभर विचार केला आणि सोपं तेच केलं. "हजेरीच्या क्रमानं. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक."

"माहा हजेरी नंबर सात हाये," दामिनी म्हणाली. "सातवा तीनात पडते. कुंदनचा एकोणीस. तोबी तीनातच पडते." तिनं शेजारच्या पोराकडं बोट केलं. "नितेशचा चौदा. तो दोनात पाह्यजे. आमी सगळ्याहीचं मोजलं, मॅडम. एक सोडून कोणीच चारात पडत नाई."

रस्त्यावरून काळी-पिवळी जीप गेली. मागच्या पायरीवर लटकलेल्या माणसानं मान वळवून या घोळक्याकडं पाहिलं.

"मार्कांवरून दिला," माया म्हणाली.

"मंग पयलेच काहून नाई सांगतलं?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून."

"अन तुकडा छोटा देल्ला थो?"

"जड जाऊ नये म्हणून."

"जड जाते का नाई, ते कधी देऊन पाह्यलं?"

माया शाळेत असताना पहिल्या बाकावर बसायची. शेवटच्या आठांत बसल्यावर वर्ग कसा दिसतो, हे तिला ऐकूनही माहीत नव्हतं.

कुंदन पहिल्यांदाच बोलला. "मॅडम, आपापल्या घरी बसलो तं कोणाले अश्विन सांगते, कोणाले प्राजक्ता सांगते. बरं वाटते. पण मामाच्या गावाले गेलो का तठीबी आमीच. आठातल्या एकालेबी येत नाई. कोण कोणाले शिकवन? आमी तठी बसून चिंचा खातो."

"खरंच खातो," नितेश म्हणाला. "माह्या दप्तरात हायेत. पाह्यजे का?"

मायाला हसू आलं नाही. सात महिने ती त्या कोपऱ्याजवळून जात होती. तिथं शांतता असायची, आणि शांतता आहे म्हणजे काम चालू आहे असं तिनं धरलं होतं. पद्धतीत जी एक गोष्ट व्हायला नको होती, कच्च्यांना एका जागी कोंडणं, ती तिनं स्वतः रोज पंधरा मिनिटं केली होती आणि फाइलला लावली होती.

"तुमचं म्हणणं काय आहे?" तिनं विचारलं.

"नंबर पुन्हा काढा," दामिनी म्हणाली. "चिठ्ठ्या टाकून. सगळ्याहीच्या समोर."

"काढू. सोमवारी काढू."

"उद्या."

"दामिनी, उद्या साहेब येणार आहेत. सगळी तयारी जुन्या नंबरांवर झालेली आहे. तो चोवीस जणांचा..." माया थांबली. तिला म्हणायचं होतं, चोवीस जणांचा पाठ. ते दामिनीला कळलं.

"सोमवारी तुमाले आमची गरज नाई राहात, मॅडम."

हे तिनं उद्धटपणे म्हटलं नव्हतं. दुकानात भाव सांगावा तसं सांगितलं होतं.

"उद्या साडेसातला वर्गात या," माया म्हणाली. "मी पाहते."

"पाहते म्हंजे?"

माया रस्ता ओलांडून परत आली.

संध्याकाळी दर्यापूरच्या खोलीवर तिनं कात्री घेतली. उद्याचा उतारा तिनंच सोप्या इंग्रजीत लिहिला होता: शिवारातल्या विहिरीत एक रोही, म्हणजे नीलगाय, पडतो आणि गाव त्याला बाहेर काढतं. आधी तिनं त्याचे तीन तुकडे केले, मुख्याध्यापकांनी सांगितले तसे. ते एका पाकिटात घातले. मग दुसरी प्रत घेऊन चार तुकडे केले. या वेळी चारही तुकड्यांच्या ओळी मोजल्या. प्रत्येकी सात. ते दुसऱ्या पाकिटात. मग बत्तीस चिठ्ठ्या. अकोल्याहून आईचा फोन आला आणि साडी कोणती नेसणार, असं तिनं विचारलं. माया म्हणाली, अजून ठरलं नाही.

शनिवारी खंडारे साहेब सात चाळीसला पोचले. अमरावतीहून पहाटेच निघाले असणार. पंचावन्नच्या आसपासचा, उभट चेहऱ्याचा माणूस. अधिकारी होण्याआधी त्यांनी अकोल्यात बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, असं सगळे सांगत. ते आधी ऑफिसात बसले आणि फाइल उघडली. प्राजक्ताच्या अक्षरातली यादी त्यांनी बराच वेळ पाहिली.

"ही गटरचना चांगली आहे," ते म्हणाले. "गुणानुक्रमे. नाही तर लोक हजेरीवरून गट पाडतात आणि आम्हांला गटकार्य म्हणून दाखवतात. ही फाइल मी अमरावतीला नेईन."

इंगोले सरांनी मायाकडं पाहिलं. त्या पाहण्यात अभिनंदनही होतं आणि ताकीदही.

ऑफिसातून वर्गाकडं येताना माया आणि इंगोले सर, दोघांनाही ते एकदम दिसलं. वर्गाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात, आठ जण रांगेत उभे होते. आत गेले नव्हते. घरीही गेले नव्हते.

"हे आले कुठून?" इंगोले सर मायाच्या कानाशी पुटपुटले. "मी तं हजेरीत आठही गैरहजर मांडून ठेवले!"

खंडारे साहेब रांगेसमोर थांबले. "हे कोण?"

"दुसऱ्या वर्गाचे हायेत, साहेब," इंगोले सर म्हणाले. "चला रे, आपल्या वर्गात चला."

कोणी हललं नाही. दामिनी मायाकडं पाहत होती. मायाच्या पिशवीत दोन्ही पाकिटं होती. आत चोवीस जण ताठ बसले होते. जुन्या नंबरांची ये-जा त्यांच्या अंगवळणी पडली होती. एक वाक्य बोललं नाही तर सगळं जमत होतं. बोलायचंच तर आत्ताच बोलावं लागणार होतं.

"माझ्याच वर्गाचे आहेत, सर," माया म्हणाली. "आत या रे. आपापल्या घरी बसा."

इंगोले सरांनी श्वास आत ओढला तो सगळ्यांना ऐकू आला.

खंडारे साहेब मागच्या खुर्चीवर बसले. मायानं पिशवीतून चिठ्ठ्यांचा डबा काढला आणि एक ते चार नंबरांच्या चार-चार चिठ्ठ्या आठही गटांत वाटल्या. "आजपासून नवीन नंबर. ज्याला जो निघेल तो त्याचा."

वर्गात एकच कालवा झाला. अश्विननं आपली चिठ्ठी उघडली आणि तो ओरडला, "मॅडम! मले चार आला!"

"मंग?" त्याच्याच गटातली दामिनी म्हणाली. "मरतं का?"

वर्ग फुटला. हसू विरायच्या आत मागून आवाज आला. "तायडे मॅडम, एक मिनिट." खंडारे साहेबांनी दोघांची नावं विचारून घेतली आणि हातातल्या फाइलमधल्या यादीवर बोट ठेवलं. "ही मुलगी यादीत चार नंबर आहे. तो मुलगा एक नंबर. हे फाइलप्रमाणे चाललेलं नाही."

"नाही, सर."

"का?"

बत्तीस जण ऐकत होते.

"ती यादी मी केली, सर. गुणांवरून नंबर दिले. त्यामुळे चार नंबरचे सगळे कच्चे एकत्र बसत होते. सात महिने. ते माझं चुकलं."

"आणि हे तुम्ही तपासणीच्या दिवशी सुधारताय?"

"मला काल कळलं."

"कसं कळलं?"

"यांनी सांगितलं." तिनं मान वळवली नाही, पण आठही जणांना कळलं.

खंडारे साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पस्तीस मिनिटं आहेत. चालू द्या."

पाठ फटाफट झाला नाही. नवीन मामाच्या गावी कोण कुणाच्या शेजारी बसणार यातच तीन मिनिटं गेली. चार नंबरच्या घोळक्यात अश्विननं तुकडा एकट्यानं वाचून काढला आणि हात झटकले. मायानं त्याला सांगितलं की बाकी सात जणांना कळल्याशिवाय कोणाचंच झालेलं नाही. तीनच्या घोळक्यात नितेश एका शब्दावर अडला आणि सगळेच अडले. खंडारे साहेब उठून फिरू लागले. दोनच्या घोळक्यात दामिनी आणि प्राजक्ता समोरासमोर आल्या होत्या. दोघी कालपासून बोलत नव्हत्या. कागद एक होता. प्राजक्ता बोट फिरवत वाचू लागली.

"हयू हयू वाच," दामिनी म्हणाली. "मले घरी जाऊन सांगा लागते."

प्राजक्ता पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.

मुलं आपापल्या घरी परतली तेव्हा बारा मिनिटं उरली होती. प्रत्येक तुकडा सात ओळींचा. माया मनात हिशेब करत होती आणि तो जुळत नव्हता. दुसरा तुकडा संपत असतानाच खंडारे साहेबांनी हात वर केला. "थांबा. मी विचारतो. खिडकीकडचा गट. दोन नंबर."

दामिनी उभी राहिली. तिनं बाकाची कड धरली.

"व्हॉट हॅपन्ड टु द अ‍ॅनिमल?"

"टू मेन... टू मेन गिव्ह रोप. अ‍ॅनिमल पुल. रोप ब्रेक."

"व्हाय डिड द रोप ब्रेक?"

हे उताऱ्यात नव्हतं. मायानं लिहिलंच नव्हतं. दामिनीनं कागदाकडं पाहिलं, तिथंही ते नव्हतं. अश्विनचा हात वर गेला.

"तू नाही," साहेब म्हणाले. "दोन नंबर."

"सर," माया म्हणाली, "आमच्यात उत्तरापूर्वी गटाला अर्धं मिनिट मिळतं. उत्तर तीच देईल."

साहेबांनी मान हलवली. चार डोकी एकत्र आली. अश्विनची कुजबूज मायाला ऐकू आली: "रोप वॉज ओल्ड म्हण." आणि दामिनीची: "जुना नाई बे. विहिरीच्या काठाचा दगड घासते दोराले. आमच्या विहिरीवर तीन दोर गेले. घासणं कसं म्हणाचं?" अश्विन म्हणाला, "मले नाई माहीत. कट म्हण."

दामिनी उभी राहिली. "स्टोन कट इट, सर. वेल स्टोन."

खंडारे साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते कुणालाच दिसलं नाही.

घंटा झाली तेव्हा चौथा तुकडा एकाही गटात सांगून झाला नव्हता. रोही अजून विहिरीतच होता.

ऑफिसात साहेबांनी हजेरी मागवली. इंगोले सरांनी ती दोन्ही हातांनी दिली. साहेबांनी बोट ठेवलं. "आज आठ गैरहजर. वर्गात मी बत्तीस मोजले. हे कोणी मांडलं?"

इंगोले सर मायाकडं पाहू लागले. वर्गशिक्षक तीच होती. त्यांना काय हवं होतं ते अगदी उघड होतं.

"त्यावर माझी सही नाही, सर," माया म्हणाली.

साहेबांनी सहीचा रकाना पाहिला. रिकामा होता. त्यांनी वही मिटून इंगोले सरांसमोर सरकवली. "याचा खुलासा तुम्ही लेखी द्या." मग मायाकडं वळले. "पाठ पूर्ण झाला?"

"नाही, सर."

"नियोजनाप्रमाणे झाला?"

"नाही, सर."

"मग मी काय लिहू?" त्यांच्या आवाजात चीड नव्हती, पण सवलतही नव्हती. "ती मुलगी बोलली, ते मी लिहिलंय. तुम्ही चूक कबूल केली, तेही लिहिलंय. पण शेवटच्या रकान्यात मला एकच शब्द लिहायची मुभा आहे, आणि अर्धवट पाठाला मी 'समाधानकारक' लिहीत नाही. कोणाच्याच नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सहा महिने मुदतवाढ. जुलैमध्ये मी पुन्हा येईन. न सांगता येईन."

माया म्हणाली, "या, सर."

खंडारे साहेबांची गाडी फाट्यावरून अमरावतीकडं वळली. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती, मैदान रिकामं झालं होतं. इंगोले सर दार लावून खुलासा लिहायला बसले होते. व्हरांड्यात दामिनी एकटी उभी होती.

"मॅडम, साहेबानं काय लिवलं?"

मायाच्या तोंडावर 'काही नाही, जा घरी' आलं होतं. तिनं ते गिळलं. "सहा महिने वाढवले. कायम केलं नाही."

"आमच्यामुळं?"

"यादीमुळं."

दामिनी माफी मागेल असं मायाला वाटलं, आणि तिनं मागू नये असंही वाटलं. तिनं मागितली नाही.

"मंग सहा महिने आमाले इंग्रजी तुमीच शिकवान नं? दहावीतबी?"

"जुलैपर्यंत तरी मीच."

"मंग जुलैलोग आमाले येऊन जाईन," दामिनी म्हणाली. दप्तर खांद्यावर टाकून ती निघाली, आणि चार पावलांवर थांबून मागं वळली. "सगळ्याहीले नाई. नितेशचं काई खरं नाई."

माया ऑफिसात परतली. शेऱ्याखाली तिची सही व्हायची होती.